अंथरुणाची लांबी कोणाला ठाऊक?

*भिलाईच्या पोलाद कारखान्यात खांद्याला खांदा लावून राबणाऱ्या दोन कामगारांच्या घरांत मिळकतीइतकाच मिळकतीच्या खात्रीचा फरक असतो. सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब गाडीत कोण बसू शकतो, यावरून तो मोजता येतो.*

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे काटकसरीचे सूत्र मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे. त्यातल्या शहाणपणाबद्दल वाद नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पाय पसरणाऱ्याला अंथरुणाची लांबी ठाऊक आहे आणि ती महिन्यागणिक बदलत नाही, असे ही म्हण मानते. ज्याचे अंथरूण दर महिन्याला वेगळ्या लांबीचे निघते, त्याला हे सूत्र सांगणे म्हणजे पाय कायमचे पोटाशी घेऊन झोपण्याचा सल्ला देणे होय. अर्थकारणाच्या आपल्या सार्वजनिक चर्चेत उत्पन्न किती, हा प्रश्न सतत विचारला जातो. ते किती खात्रीचे, हा प्रश्न मागे पडतो. प्रशासनात असताना गरिबीचे जे तक्ते माझ्या टेबलावरून गेले, त्यांत ‘किती’ या शब्दाखाली अनेक रकाने असत. ‘कधी’ या शब्दाखाली एकही नसे. निवृत्तीनंतर छत्तीसगडमधील भिलाईत राहू लागल्यावर या न भरलेल्या रकान्याचे महत्त्व मला अधिक जाणवू लागले.

भिलाई मराठी वाचकाला वाटते तितकी दूर नाही. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्लीराजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे यांच्या बळावर दहा लाख टन क्षमतेचा हा कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती सेक्टर, शाळा, रुग्णालय, बाजार असे आखीव शहर वसले. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये ‘मैत्री बाग’ ही बाग आणि प्राणिसंग्रहालय साकारले.

या शहराने देशाला रूळ दिले, जाड पत्रे दिले, हे सर्वश्रुत आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याचे दुसरे उत्पादन तितकेच मोलाचे वाटते. ते म्हणजे पगाराची ठरलेली तारीख. ज्या कुटुंबांचे वर्ष पावसावर आणि सावकाराच्या मर्जीवर चालत आले होते, त्यांना प्रथमच पुढच्या महिन्याची रक्कम आजच ठाऊक असू लागली. मुलीला किती इयत्तांपर्यंत शिकवायचे, घर कधी बांधायचे, गावाकडच्या भावाला किती पाठवायचे, हे निर्णय त्या तारखेभोवती घेतले जाऊ लागले. उन्हाळ्यात कुटुंबासह गावी जाणे आणि एखाद्या सुट्टीला डोंगरगडच्या बम्लेश्वरीला किंवा गंगरेलच्या धरणावर जाऊन येणे, हेही त्यातूनच आले. सहल ही खात्रीच्या पोटी जन्मलेली गोष्ट आहे.

ही खात्री सर्वांच्या वाट्याला आली नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत दीर्घकाळ क्षेत्रकार्य केले आणि २०२० मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भिलाईतील माणसे रोजगाराचे दोन प्रकार करतात, हे त्यांनी नेमके टिपले आहे. एक ‘नौकरी’ आणि दुसरे नुसते ‘काम’. मराठीतही आपण हा भेद सहज करतो. बँकेत किंवा कारखान्यात कायम असलेला ‘नोकरी करतो’. बांधकामावर किंवा ठेकेदाराकडे जाणारा ‘कामाला जातो’. पॅरी यांच्या मांडणीचा रोख असा, की हे दोघे एकाच कामगारवर्गाचे दोन थर राहिलेले नाहीत. त्यांचे हितसंबंध, विवाह, मुलांचे शिक्षण आणि भविष्याकडे पाहण्याची दृष्टी इतकी वेगळी झाली आहे, की ते दोन वेगळे वर्ग बनले आहेत.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कारखान्याच्या थेट सेवेत साठ हजारांहून अधिक माणसे होती. त्यानंतर उत्पादनक्षमता वाढत गेली आणि कायम कामगारांची संख्या निम्म्याच्याही बरीच खाली आली. मधली जागा कंत्राटी कामगारांनी भरली. त्याच भट्टीच्या धगीत, त्याच धुळीत आणि अनेकदा अधिक जोखमीच्या ठिकाणी हे पुरुष आणि ‘रेजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया राबतात. दल्लीराजहराच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ पासून कंत्राटी मजुरांना संघटित केले; १९८३ मध्ये त्यांच्या संघटनेने कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून ‘शहीद रुग्णालय’ उभारले. पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांचा लढा ऐन भरात असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची येथेच हत्या झाली. त्या लढ्यात वेतनवाढीची मागणी होती, तशीच कामाच्या खात्रीचीही होती, हे आज विसरले जाते.

सुट्टीच्या दिवसाकडे या दृष्टीने पाहिले, की फरक उघडा पडतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिला आणि १८९० मध्ये ती मिळवली. आज महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांत फेब्रुवारी २०२० पासून आणि छत्तीसगड सरकारच्या कार्यालयांत २०२२ पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार-रविवार जोडून बाहेर पडण्याची मुभा कचेरीतल्या माणसाला अशा रीतीने मिळाली. झोतभट्टीला मात्र रविवार नसतो. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षे जळत राहते; म्हणून पोलाद कामगाराची साप्ताहिक सुट्टी पाळीनुसार फिरते. कायम कामगार हे गणित बसवतो. पाळी बदलून घेतो, रजा जोडतो, मुलांच्या शाळेची सुट्टी पाहून तिकिटे काढतो. त्याच्या सहलीचा खर्च म्हणजे गाडीभाडे आणि खाणेपिणे.

कंत्राटी कामगाराच्या सहलीच्या खर्चात आणखी एक रक्कम मिळवावी लागते. ती म्हणजे बुडालेली हजेरी. किमान वेतनाचा रोजचा दर ठरवताना सामान्यतः महिन्याच्या वेतनाला २६ ने भागले जाते, म्हणजे साप्ताहिक सुट्टीचा पैसा त्या दरातच धरलेला असतो, असे नियम सांगतो. हिशेबाच्या वहीत ते बरोबर आहे. घरी बसलेल्या माणसाला मात्र त्या दिवशी हाती काहीच पडत नाही, एवढेच दिसते. भिलाईहून डोंगरगड पाऊणशे किलोमीटरच्या आत आहे आणि साध्या गाडीचे भाडे एका हजेरीच्या मानाने किरकोळ आहे. तरीही, “तिकीट परवडते, दिवस परवडत नाही,” असे येथील एका रेजाने मला सांगितले, तेव्हा श्रम-अर्थशास्त्राचा एक धडा तिने एका वाक्यात उरकला होता. त्यातच ठेकेदाराचे बिल अडकले तर मजुरी कधी होईल, हे कोणी सांगू शकत नाही. नवे कंत्राट निघाले, ठेकेदार बदलला, तर आपले नाव यादीत राहील का, हीही शंका असतेच.

अशा घरात लहानसहान अनपेक्षित गोष्टींचा अर्थच बदलतो. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाकडे न कळवता पाहुणे आले, की तो आनंदाचा प्रसंग असतो. सायकल मोडली, मोबाइल पाण्यात पडला, मुलाला ताप आला, तर आमची चिडचिड होते आणि आठवड्याने आम्ही ते विसरतो. अनिश्चित मिळकतीच्या घरात यातील प्रत्येक गोष्ट उसनवारीचे कारण ठरते. पाहुण्यांसाठी आणलेले अर्धा किलो मटण पुढच्या आठवड्याच्या किराण्यातून वजा होते. ताप तीन दिवस टिकला तर औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी असा दुहेरी फटका बसतो. आश्चर्य या शब्दात सुख असावे, यासाठी खिशात थोडी खात्री लागते. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पूअर’ या २००९ मधील ग्रंथात भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतील गरीब कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक नोंदींवरून हेच दाखवून दिले आहे. उत्पन्न तुटपुंजे असते, त्यात ते अनियमित असते आणि या अनियमिततेशी झुंजण्यातच या कुटुंबांची बरीचशी बुद्धी आणि शक्ती खर्ची पडते.

ही गोष्ट भिलाईपुरती मर्यादित नाही. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात प्रमुख राज्यांमध्ये दरडोई मासिक खर्च सर्वांत कमी आढळला तो छत्तीसगडमध्ये. ग्रामीण भागात २,७३९ रुपये आणि शहरी भागात ४,९२७ रुपये. त्या वर्षी देशाची ग्रामीण सरासरी ४,१२२ आणि शहरी सरासरी ६,९९६ रुपये होती. लोखंड, कोळसा आणि पोलाद ज्या भूमीतून निघते, तिथला माणूस सर्वांत कमी खर्च करतो. यामागे कमी उत्पन्न हे कारण आहेच. पण उद्याच्या धास्तीने आवळलेली मूठ हेही कारण असू शकते. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत, की देशातील बिगरशेती क्षेत्रातल्या नियमित पगारी कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांकडे लेखी करार नाही आणि जवळजवळ निम्म्यांना पगारी रजा नाही. ‘नियमित’ म्हणून नोंदवल्या गेलेल्यांची ही स्थिती. रोजंदारीवरचे त्याहून खालच्या पायरीवर आहेत.

‘नौकरी’ असलेल्यांनाही निवृत्तीनंतर हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. सरकारी निवृत्तिवेतनावर जानेवारी आणि जुलैपासून महागाई वाढ मिळते. माझे अंथरूण वर्षातून दोनदा थोडे लांब होते. सार्वजनिक उपक्रमातून आणि खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचा मुख्य आधार म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. तिचे सूत्र साधे आहे. निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. त्या मर्यादेने पस्तीस वर्षांची सेवा धरली तरी महिन्याला ७,५०० रुपये येतात. त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या वाट्याला यापेक्षा बरेच कमी आले. किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले तेही सप्टेंबर २०१४ मध्येच आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ते तेवढेच राहिले. राज्यसभेच्या भगतसिंह कोश्यारी समितीने २०१३ मध्येच ते किमान ३,००० रुपये करावे, असे सुचवले होते. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काहींना प्रत्यक्ष वेतनावर निवृत्तिवेतनाची वाट मोकळी झाली. परंतु या योजनेला महागाईशी जोडण्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला. जी रक्कम गोठलेली आहे आणि जिची किंमत दरवर्षी घटते, तिला ‘निश्चित’ म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे.

प्रवासाच्या बाबतीतही धोरणाने हीच दिशा धरली. २० मार्च २०२० पासून ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत बंद झाली. साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के अशी ती होती. महासाथीच्या काळात साध्या पॅसेंजर गाड्या ‘विशेष’ म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपयांवर गेले. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोहोचवण्यासाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर अनेक प्रवासी गाड्या रद्द झाल्या. त्याच वर्षी ११ डिसेंबरला बिलासपूर-नागपूर ‘वंदे भारत’ सुरू झाली; पुढे प्रवासी कमी मिळाल्याने तिचे डबे सोळावरून आठ करावे लागले. वेगवान गाडी नको, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मार्गावरचा प्रवासी दुर्गहून राजनांदगाव, डोंगरगड, गोंदियापर्यंत साध्या गाडीने जाणारा आहे, तिथे मागणी कशाला आहे, हे त्या रिकाम्या आसनांनी सांगितले.

रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे. २०२२-२३ मध्ये प्रवासी भाड्यांवर ५६,९९३ कोटी रुपयांचे अनुदान दिले गेले आणि प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत मिळतेच, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. हा युक्तिवाद फेटाळून लावण्यासारखा नाही. मात्र सरासरीच्या आड कोणाला किती मिळते, हे झाकले जाते. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने मधला मार्ग सुचवला होता. किमान शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत ज्येष्ठांची सवलत पुन्हा सुरू करण्याचा विचार व्हावा. त्यावर गांभीर्याने निर्णय होणे अजून शक्य आहे. चांगली उदाहरणेही आहेत. रावघाटच्या लोहखनिजासाठी दल्लीराजहरापासून पुढे टाकल्या जात असलेल्या मार्गावर २०२२ मध्ये अंतागडपर्यंत प्रवासी गाडी पोहोचली. ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर ‘मेमू’ सुरू झाली. खनिज वाहणारा रूळ माणसेही वाहू शकतो आणि छोट्या अंतराच्या स्वस्त गाडीला प्रवासी मिळतात, हे दाखवण्यास एवढे पुरेसे आहे.

मुळात सहलीची चैन गरिबाला कशाला, असे विचारणारे वाचक असतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की राजिमच्या संगमावर स्नान करून येणे, आजारी बहिणीला रायपूरच्या रुग्णालयात भेटणे, मुलांना पांढरा वाघ दाखवणे आणि गोंदियाला भाचीच्या साखरपुड्याला जाणे, यांत चैन कुठली आणि गरज कुठली, याची रेषा आखता येत नाही. नात्यांची दुरुस्ती याच छोट्या प्रवासांत होते. बाहेरगावी कोणते काम निघाले आहे, कोणत्या शाळेत प्रवेश मिळतो, कोणत्या घरी स्थळ आहे, या बातम्याही त्याच डब्यात मिळतात. सरकारी सेवेत रजा प्रवास सवलत नावाची सोय आहे. माणसाने अधूनमधून गावी जावे, देश पाहावा, हे राज्यसंस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांपुरते केव्हाच मान्य केले आहे. तत्त्व मान्य आहे; प्रश्न त्याच्या कक्षेचा आहे.

खात्री वाटून देता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७५ पासूनच्या व्यवसाय कराच्या रूपाने शहरी पगारदारांनी तिच्या खर्चाचा भार उचलला. ज्यांचे अंथरूण निश्चित होते, त्यांनी इतरांच्या अंथरुणाला चार बोटे जोडली. पुढे २००५ मध्ये देशाने हे तत्त्व स्वीकारले. त्या योजनेत उणिवा होत्या. पण मागेल त्याला काम या शब्दांनी ‘कधी’ या प्रश्नाला कायद्यात जागा मिळाली.

आज पुढची पावले फार मोठी नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या असून नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. या तरतुदीची पहिली कसोटी सार्वजनिक उपक्रमांच्या कंत्राटांत लागावी. ठेकेदाराने मजुरी ठरलेल्या तारखेला दिली की नाही, याची माहिती मूळ नियोक्त्याने दरमहा जाहीर करावी. ठेकेदाराचे बिल अडले तरी मजुराची मजुरी अडू नये. कंत्राट बदलले तरी अनुभवी कामगार कायम राहील, अशी अट निविदेतच असावी. साप्ताहिक सुट्टीचा पैसा वेतनचिठ्ठीवर वेगळा दाखवावा, म्हणजे तो आपला हक्क आहे, हे कामगाराला कळेल. किमान निवृत्तिवेतन महागाईच्या निर्देशांकाशी जोडावे. रकमेवर वाद होऊ शकतो, जोडण्यावर होऊ नये. आणि रेल्वेने आपल्या कामगिरीच्या अहवालात मालवाहतुकीच्या टनांबरोबर छोट्या अंतराच्या किती गाड्या वेळेवर धावल्या, हेही सांगावे.

यातील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा शिस्त अधिक लागते. निवृत्तिवेतनाला पैसा लागेल, हे खरे. पण ज्या घराला पुढच्या महिन्याची खात्री असते, ते घर आज खर्च करते, मुलांना शाळेत टिकवते, सावकाराकडे जात नाही. त्यामुळे त्या पैशाचा काही भाग परत येतो. भिलाईत आज १३० मीटर लांबीचे अखंड रूळ तयार होतात आणि देशभरच्या गाड्या त्यांवरून धावतात. ते रूळ बनवण्यासाठी तीन पाळ्यांत राबणाऱ्या सर्वांना, हजेरीचा हिशेब न करता, वर्षातून चार वेळा तरी त्यांवरून जाणाऱ्या साध्या गाडीत सहकुटुंब बसता यावे, ही अपेक्षा विकसित होऊ पाहणाऱ्या देशाला जड जाऊ नये.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)